रांगेतली तिसरी जागा

हरिश्चंद्र शिवलकर यांनी सारी नोकरी तंत्रशिक्षण संस्थेत डिझेल इंजिन शिकवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर रत्नागिरीतल्या मोटारसायकलस्वारांच्या एका लहानशा गटाला रांगेत चालायला शिकवले. त्यांच्या रांगेचा नियम साधा होता. पुढच्याने जी खूण केली ती मागच्याने पाहायची आणि जशीच्या तशी आपल्या मागच्याला द्यायची. डाव्या अंगाला खड्डा असला की डावा पाय बाहेर, उजव्या अंगाला असला की उजवा. वेग कमी करायचा तर पसरलेला तळहात खाली. वळायचे तर त्या बाजूला आडवा हात. सर्वांत पुढच्याला रस्ता दिसतो, बाकीच्यांना पुढची गाडी दिसते. म्हणून मागच्याने स्वतः खड्डा शोधत बसायचे नाही, पुढच्याचा पाय पाहायचा. शंका घ्यायची असेल तर ती थांब्यावर घ्यायची, चालत्या गाडीवर नाही.

हा नियम त्यांनी फैझान होडेकरला शिकवला तेव्हा तो विशीतही आला नव्हता. पोरगा मिरकरवाड्याचा. संस्थेतून बाहेर पडला तो थेट ट्रॉलरच्या इंजिनावर चढला, आणि समुद्रावरून मोकळा झाला की गटात यायचा. त्याची जागा तिसरी. गेल्या डिसेंबरात गटाच्या वार्षिक सफरीत सागरी मार्गाने विजयदुर्गपर्यंत जाऊन आला, आणि पुढच्याच महिन्यात, एका पहाटे, किनारा दिसेनासा झालेल्या पाण्यात, ट्रॉलरच्या डेकवरून नाहीसा झाला. पडताना कोणी पाहिले नाही. सोबतच्या खलाशांनी जाळी ओढली, इतर बोटींनी पाणी पालथे घातले, पण समुद्राने काही परत दिले नाही. मोहल्ल्याने गायबाना नमाज, म्हणजे देहाविना जनाज्याची नमाज, अदा केली. दफन करायला मात्र काही नव्हते.

त्यानंतर गट पहिल्यांदा गणपतीपुळ्याला निघाला तेव्हा हरिश्चंद्रांनी सांगितले, की फैझानची जागा कोणी घ्यायची नाही. दुसऱ्याच्या मागे एका गाडीची जागा मोकळी ठेवून चौथ्याने चालावे. सैन्यातले लोक असे करतात, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. सर्वांना ते पटले. त्या मोकळ्या जागेकडे पाहून फारुक मुकादम यांनी डोळे पुसले होते, आणि फारुक म्हणजे कुवेतमध्ये क्रेन चालवून परतलेला, सहजासहजी न विरघळणारा माणूस.

यंदाच्या वार्षिक सफरीला फैझानचा धाकटा भाऊ फुजैल आला. शाळा संपल्यापासून तो मुंबईत मामाकडे होता. भाऊ गेला तसा परतला आणि आईसाठी इथेच राहिला. हरिश्चंद्रांनी त्याला महिनाभर शिकवले. शिकवणे सोपे गेले, कारण तो प्रश्न विचारत नसे. सफरीच्या आदल्या संध्याकाळी त्याची आई इशरत हरिश्चंद्रांच्या घरी आली. पायरीवरच उभी राहिली, आत आली नाही, चहा घेतला नाही. एक समुद्राने नेला, उरलेला तुमच्या हाती देते, एवढे बोलून ती निघून गेली. हरिश्चंद्रांनी रात्री जेवताना पत्नीला ते सांगितले आणि वरून म्हणाले, की मुलगा शिस्तीचा आहे, काळजीचे कारण नाही.

सकाळी मंडळी भाट्याला पुलापलीकडे जमली. सर्वांत पुढे हरिश्चंद्र. दुसरी नम्रता, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मालाची तपासणी करणारी. तिशीची, तोंडाची फटकळ आणि हाताची पक्की. तिसरी जागा मोकळी. चौथा फुजैल, त्याने स्वतःहून मागितलेल्या जागेवर. शेवटी फारुक, हवेचा पंप आणि हत्यारांची पेटी घेऊन. हरिश्चंद्रांनी आठवड्यापूर्वीच एकट्याने सारा रस्ता पाहून ठेवला होता. त्यांनी बजावले, की गावखडीच्या पुढे उतारावर ओढ्यावरून जाणारी मोरी पावसाळ्यात वाहून गेली आहे. तिथे जुना रस्ता सरळ जातो आणि तुटतो. आपल्याला डावीकडे कच्च्या रस्त्याने वरच्या कातळ-सड्यावर चढायचे आहे. ठेकेदाराने आडवी पिंपे ठेवली आहेत, पण दुचाकीवाल्यांनी ती सरकवून मधे वाट केली आहे आणि पाटी धुळीने दिसत नाही. म्हणून माझ्या हाताकडे लक्ष ठेवा. सर्वांनी माना डोलावल्या. फुजैलनेही डोलावली, पण त्याची नजर नम्रताच्या गाडीमागच्या मोकळ्या डांबरावर होती.

पावसला पहिला चहा झाला. फारुकनी हेल्मेट काढले तेच कपाळाला आठ्या घालून. नम्रताने विचारले, चाचा, साखर कमी पडली का. फारुक म्हणाले, साखरेचे सोड, ह्या पोराने मला नागिणीसारखा चालवला. खड्डा नाही, काही नाही, आणि हा आपला डावा पाय काढतो, उजवा पाय काढतो. मी बिचारा चुकवतोय. मागून येणारा रिक्षावाला मला काय म्हणाला ते बाईमाणसांसमोर सांगण्यासारखे नाही.

“मग मला बाजूला घेऊन सांगा,” नम्रता म्हणाली. “कारखान्यात उपयोगी पडेल.”

सगळे हसले. फुजैल हसला नाही. हरिश्चंद्रांनी त्याला जवळ बोलावले आणि समजावले, की खूण आपण तयार करायची नसते, ती पुढून यायला हवी.

“पुढूनच येते, सर,” फुजैल शांतपणे म्हणाला. “भाई दाखवतो तेच मी मागे दाखवतो.”

फारुकनी छातीवर हात ठेवून ओठांत काही पुटपुटले. नम्रताने कपातला उरलेला चहा ओतून टाकला. हरिश्चंद्रांनी मुलाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. तो भ्रमिष्ट दिसत नव्हता. उलट महिनाभरात प्रथमच त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला होता. दुःखी माणसाला असे होते, असे मनाशी म्हणून त्यांनी विषय तिथेच संपवला. निघताना मात्र उजव्या बाजूचा आरसा त्यांनी थोडा बाहेर वळवून घेतला.

रांग सरळ रेषेत चालत नाही. पहिला रस्त्याच्या उजव्या अंगाने, दुसरा डाव्या, तिसरा पुन्हा उजव्या, अशी ती चालते. त्यामुळे हरिश्चंद्रांच्या आरशात त्यांच्या थेट मागे येत होती ती तिसरी जागा, म्हणजे मोकळा रस्ता. आणि तिच्या पलीकडे, तिरप्या अंगाला, फुजैलचा दिवा. पूर्णगडचा पूल ओलांडला. उजव्या हाताला खाडीचे मुख आणि त्यापुढे समुद्र सपाट पडला होता, चकाकी नसलेला, पत्र्यासारखा. हवेत धुके नव्हते, तरी क्षितिज दिसत नव्हते. नेहमी या पुलावर मंडळी हॉर्न वाजवत. आज कोणी वाजवला नाही.

पूल संपून चढ लागला आणि हरिश्चंद्रांना आरशात दिसले, की फुजैलने डावा पाय काढला. थोड्या अंतराने पुन्हा. लगेच उजवा. रस्ता तिथे नवा, काळाभोर, गुळगुळीत होता. उन्हाळ्यात डांबर पडले होते. त्यांनी स्वतः कोणतीच खूण केलेली नव्हती आणि नम्रतानेही नाही. पण गेल्या वर्षीचा हा चढ त्यांना लख्ख आठवत होता. डावीकडे दोन खड्डे आणि मग उजवीकडे एक मोठा, ज्यात नम्रताच्या गाडीचे रिम वाकले होते. तेव्हा फुजैल मुंबईत होता. पावसच्या पुढे तो या रस्त्याने आयुष्यात कधी गेलेला नव्हता.

हरिश्चंद्रांनी योगायोग, ऐकीव माहिती, भावाने पूर्वी दाखवलेले मोबाइलवरचे चित्रण, असे एक एक कारण पडताळून पाहिले. बिघडलेले इंजिन तपासावे तसे, सोप्याकडून अवघडाकडे. त्यातले एखादे बसलेही असते. पण वस्तीजवळचे वळण आले. तिथे एका जुन्या रतांब्याच्या म्हणजे कोकमाच्या झाडाची फांदी रस्त्यावर इतकी खाली झुकलेली असे, की उंच माणसाला मान वाकवावी लागे. जूनच्या वादळात ते झाड मुळासकट पडले आणि लाकूडही लोकांनी नेले. वर आता उघडे आकाश होते. फुजैल त्या ठिकाणी आला आणि त्याने मान वाकवून हेल्मेट टाकीपर्यंत खाली नेले. पुढच्याला वाकताना पाहून वाकावे, तसा. पार झाल्यावर पुन्हा ताठ बसला.

मुलगा खोटे बोलत नव्हता. त्याच्या पुढे जो कोणी चालत होता त्याला रस्ता चांगला ठाऊक होता; फक्त तो गेल्या डिसेंबरातला रस्ता होता. खड्डे बुजल्याचे त्याला माहीत नव्हते. झाड पडल्याचे माहीत नव्हते. आणि मोरी वाहून गेल्याचेही माहीत असणे शक्य नव्हते.

गावखडीला सुरूच्या बनात त्यांनी ठरलेले नसताना गाड्या थांबवल्या. सुरूंच्या सुयांतून वारा सतत कण्हल्यासारखा वाजत होता. किनाऱ्यावर माणूस नव्हता. हरिश्चंद्रांनी नम्रता आणि फारुकना बाजूला घेऊन पाहिलेले सारे सांगितले. ते सांगताना आपला आवाज वर्गात आकृती समजावताना असे तसाच येतो आहे, हे त्यांनाच विचित्र वाटत होते. नम्रताने मधे एकदाही विनोद केला नाही. ती म्हणाली, की जागा बंद करू, त्याला माझ्या मागे चिकटवू, विषय मिटला. फारुकनी मान हलवली. त्यांचे म्हणणे, जागा आपण ठेवली, नाव घेऊन ठेवली. बोलावल्यासारखे झाले ते. आता अर्ध्या रस्त्यात दार लावून घ्यायचे, हे बरे नव्हे.

फुजैल थोड्या अंतरावर गाडीला टेकून उभा होता. हरिश्चंद्र त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, की इथून पुढे तू माझ्या मागे चाल. त्याने नकार दिला. आवाज चढवला नाही. एवढेच सांगितले, की मी भाईच्या मागेच चालणार. तुम्हाला नको असेल तर तुम्ही पुढे जा, मी आणि तो सावकाश येतो.

याच बोलण्याने हरिश्चंद्रांना धडकी भरली. मुलाला मागे ठेवून जाणे म्हणजे त्याला थेट त्या मोरीवर पाठवणे. किल्ली काढून घ्यावी, तर तो आज नाही उद्या एकटा या रस्त्याला लागणार. पायरीवर उभी राहिलेली इशरत त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. पुढच्यावर शंका घ्यायची नाही, हे या मुलाला त्यांनीच महिनाभर घोकवले होते, आणि पुढची जागा रिकामी ठेवण्याचा मोठेपणाही त्यांचाच. शिकवलेले आता पुसता येणार नव्हते. त्याच्या पुढे कोण चालतो, एवढेच बदलता येण्यासारखे होते.

त्यांनी नम्रताला सर्वांत पुढे जायला सांगितले. डायव्हर्जन तिला नीट समजावून दिले. मग स्वतःची गाडी ढकलत आणून फुजैलच्या गाडीपुढे लावली.

“सर, तिथे जागा आहे,” फुजैल म्हणाला.

“ठाऊक आहे. तिथेच चालणार आहे मी.”

“मग भाई?”

“माझ्या पुढे एक जागा मोकळी सोडतो. त्याने तिथे यावे. तुझा भाऊ माझा विद्यार्थी होता, फुजैल. माझ्या पुढे चालायला त्याला संकोच वाटणार नाही.”

फुजैलने मोकळ्या जागेकडे पाहिले, जणू कोणाची संमती विचारतो आहे. शेवटी त्याने हेल्मेट डोक्यावर चढवले.

“आणि तू,” हरिश्चंद्र म्हणाले, “माझा हात पाहायचा. माझ्या पलीकडचे काही पाहायचे नाही. कबूल?”

“पुढच्याचा हात,” फुजैल म्हणाला. “तुम्हीच सांगितलंय.”

गावखडी सोडल्यावर रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडांचे रचलेले गडगे, त्यांच्यामागे आंब्याच्या बागा. नागमोडी रांग इथे मोडते आणि सारे एकामागे एक लागतात. नम्रता बरीच पुढे गेली होती. तिच्या आणि हरिश्चंद्रांच्या मधे लांबलचक मोकळा रस्ता होता, ज्यात काहीही नव्हते. त्यांनी डोळे ताणून पाहिले. डांबर, धूळ, कडेचे सुकलेले गवत. त्यांना जरा हायसे वाटले.

मग त्यांच्या लक्षात आले, की छातीला वारा लागत नाही.

या वेगाला वारा छातीवर हात टेकवल्यासारखा लागायलाच हवा. गेली कित्येक वर्षे तो त्यांना तसाच लागत आला होता. पुढे मोठी गाडी असली की तो अडतो आणि बाजूला झाले की पुन्हा लागतो. खांद्यांवरून, दंडांवरून आताही वारा जात होता. जॅकेटच्या बाह्या फडफडत होत्या. पण छातीसमोर, हँडलच्या रुंदीएवढ्या पट्ट्यात, हवा स्तब्ध होती. त्यांनी वेग थोडा वाढवला. स्तब्धता तेवढीच राहिली. कमी केला, तरी तेवढीच. पुढचा माणूस त्यांच्याशी अंतर राखून चालत होता, त्यांनीच शिकवलेले अंतर. त्या थांबलेल्या हवेत डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास होता, ट्रॉलरच्या इंजिनखोलीत येतो तसा.

हरिश्चंद्रांना भीती वाटली, हे खरे. पण त्याहून विलक्षण अशी दुसरी गोष्ट त्यांना जाणवली, आणि तिची त्यांना जास्त धास्ती वाटली. या माणसाच्या मागे चालणे सुखाचे होते. थकवा लागत नव्हता. हँडल हलके झाले होते. काही ठरवावे लागत नव्हते. त्यांचा स्वतःचा डावा पाय नकळत पायदाणावरून सुटू लागला होता, समोर खड्डा नसताना. त्यांनी तो जोराने मागे घेतला. महिनोन्‌महिने भावाविना रिकाम्या झालेल्या घरात वावरलेल्या मुलाला हे सोडवणार नव्हते, हे त्यांना तेव्हा कळले.

उतार लागला. खाली वळणावर नम्रताचा आडवा हात दिसला आणि ती डावीकडे कच्च्या रस्त्यावर चढून धुळीत दिसेनाशी झाली. समोर जुना रस्ता सरळ जात होता. दोन पिंपांमधे गाडी जाईल एवढी फट होती. पाटी लाल धुळीने माखलेली. उतारावरून पाहणाऱ्याला पुढे मोरी नाही, हे कळण्याची सोय नव्हती. पलीकडचा रस्ता तसाच पुढे चाललेला दिसत होता.

हरिश्चंद्रांनी डावा हात खांद्याच्या रेषेत ताठ बाहेर काढला आणि गाडी डावीकडे घातली. त्याच क्षणी वारा त्यांच्या छातीवर येऊन आदळला, इतक्या जोराने, की हँडल डळमळले. पुढचा माणूस सरळ गेला होता.

आरशात फुजैलचा दिवा सरळच येत होता. पिंपांच्या फटीकडे.

हरिश्चंद्रांनी हात खाली घेतला नाही. कच्चा चढ सुरू झाला होता, खडी सुटी होती. गिअर उतरवायला हवा होता, पण क्लच डाव्या हाताला असतो आणि डावा हात त्यांनी रस्त्याला देऊन टाकला होता. इंजिन वरच्या गिअरमध्ये घुसमटून ठोकू लागले. असा आवाज काढणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी वर्गाबाहेर उभे केले असते. एका हाताने, बंद पडू पाहणाऱ्या गाडीवर, त्यांनी तो हात तसाच धरून ठेवला. मागून फारुकच्या हॉर्नचा अखंड आवाज येत होता. आरसा इतका थरथरत होता, की त्यातला दिवा कधी एक दिसे, कधी तीन. मग धुळीने आरसा भरून गेला.

खांदा बधिर झाला. इंजिन शेवटचा आचका देऊन बंद पडले आणि गाडी उभी राहिली. त्यांनी पाय टेकले. हात अजून बाहेरच होता.

धुळीतून फुजैल आला, डावीकडूनच, चढ चढत. त्यांच्या अगदी मागे थांबला. त्याचे पुढचे चाक त्यांच्या मडगार्डला लागले. त्याच्यामागे फारुक, शिव्या आणि दुवा एकत्र पुटपुटत.

चढाच्या त्या टप्प्यावरून तुटलेली मोरी स्पष्ट दिसत होती. जांभ्याच्या भिंतीची एक बाजू उरली होती. मधे दोन पुरुष खोल खळगी, तळाशी मोठे धोंडे आणि हिरवट पाणी. पलीकडच्या कडेपासून जुना रस्ता झाडीत शिरला होता. पिंपांपाशी, जिथे कोणी गेले नव्हते, तिथली धूळ अजून खाली बसत होती. नम्रता गाडी लावून परत चालत आली आणि त्यांच्याजवळ उभी राहिली.

फुजैलने हेल्मेट काढले. त्याचा चेहरा घामाने निथळत होता.

“तो सरळ गेला, सर.”

“हो.”

हो म्हणतील असे त्याला वाटले नव्हते. “तुम्ही बघितलंत?”

“पाहिले नाही. माझ्यापुढे होता, आणि वळल्यावर नव्हता.”

फुजैल खळगीकडे पाहत राहिला. “मी त्याला सोडलं. तुमचा हात बघितला आणि त्याला सोडलं. तो पडला असेल त्यात. परत एकदा, एकटाच.” त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

खोटा दिलासा देण्याची हरिश्चंद्रांना सवय नव्हती, आणि या मुलापुढे ती आज लावून घ्यायची नव्हती. जे घडले ते त्यांनी पुन्हा एकदा मनात क्रमाने मांडले: चढावरचे खड्डे, रतांब्याची फांदी, आणि मग ही मोरी.

“तुझा भाऊ आज बुजलेले खड्डे चुकवत होता,” ते म्हणाले. “पडलेल्या झाडाखालून वाकून गेला. त्याच्या रस्त्यावर ते सगळे अजून आहे. मग मोरीही आहे. तो पडलेला नाही, फुजैल. तो पलीकडे गेला.”

“पलीकडे कुठे?”

“ते मला माहीत नाही. तिथे मी मागून जाऊ शकत नाही. आणि तूही नाही.”

फुजैल खाली उतरू लागला. हरिश्चंद्र त्याला अडवायला पुढे झाले, पण फारुकनी त्यांचा दंड धरला. मुलगा पायी चालला होता, आणि गाडीची किल्ली त्याने सीटवर ठेवली होती. सारे त्याच्यामागे उतरले. पिंपांपाशी जाऊन त्याने दोन्ही पिंपे ओढून एकमेकांना भिडवली. गडग्याचे निखळलेले चिरे आणून त्यांच्या बुडाशी रचायला लागला. नम्रता आणि फारुकही चिरे उचलू लागले. हरिश्चंद्रांचा डावा हात वर होत नव्हता, म्हणून त्यांनी उजव्याने पाटीवरची धूळ रुमालाने पुसून काढली. फट बुजली. आता सायकलही जाणार नव्हती.

तरीही फुजैल थांबला नाही. पिंपांच्या कडेने तो तुटलेल्या काठापर्यंत गेला आणि उकिडवा बसला. वाहून गेलेल्या भरावाची लाल माती तिथे मोकळी पडली होती. त्याने मूठभर घेतली आणि खळगीत टाकली. दुसरी मूठ घेतली. तो काय करतो आहे हे फारुकना आधी कळले. त्यांनी डोक्याला रुमाल बांधला, त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि तिसऱ्या मुठीला कबरीवर म्हणायचे शब्द हळू आवाजात म्हणू लागले. फुजैलचे ओठ त्यांच्यामागून हलू लागले. माती खाली धोंड्यांवर पडत होती. पाण्यात पडल्याचा आवाज मात्र आला नाही. हरिश्चंद्रांना वाटले, ती फार लांबवर, कोरड्या सपाट जमिनीवर पडते आहे.

फारुकनी वळून त्यांना आणि नम्रताला खुणेने बोलावले. दोघांनी वाकून माती घेतली. ती उन्हात असूनही गार होती.

सगळे उठले तरी फुजैल बसून राहिला. हात झटकले नाहीत. पलीकडच्या रस्त्यावर, जिथे पावसाळ्यापासून एकही गाडी गेली नव्हती, तिथे डांबरात उगवलेले उंच गवत एका ओळीत आडवे होत गेले आणि पुन्हा उभे राहिले. आजूबाजूचे गवत हलले नाही. चौघांनीही ते पाहिले.

“अम्मीला काय सांगू?” फुजैलने विचारले. प्रश्न हरिश्चंद्रांना होता.

फारुकनी त्याला काखेत हात घालून उभे केले.

“सांग,” ते म्हणाले, “माती दिली.”